मिसरूड फुटल्यावर

ऑटिझमच्या पोस्टरवर नेहमी लहान मूल असतं. चार-पाच वर्षांचं, गोबऱ्या गालांचं, कुठेतरी दूर बघणारं. 2 एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन, 2008 पासून पाळला जाणारा. त्या दिवशी इमारतींवर निळे दिवे लागतात, शाळांच्या फेऱ्या निघतात, वर्तमानपत्रांत डॉक्टरांचे लेख येतात. मूल नजरेला नजर देत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल तर थांबू नका, तपासून घ्या. हे अगदी खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण इतक्या वर्षांत त्या पोस्टरवरच्या एकाही चेहऱ्याला मिसरूड फुटलेलं मी पाहिलं नाही. ते मूल मोठं होऊन जातं कुठे?

ते आमच्या घरात आहे. त्याचं नाव केदार, वय 24. उंचीला माझ्यापेक्षा चार बोटं वर, वजन 82 किलो, केस आईसारखे दाट. डोंबिवलीत स्टेशनजवळ घर असल्यामुळे फलाटावरच्या उद्घोषणा तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला, पुढे लोकलमधल्याही, आणि त्याचं बरंचसं बोलणं त्यांतूनच तयार झालं. बाहेर जायचं असलं की म्हणतो, ‘पुढील स्टेशन ठाणे.’ घरात आवाज चढले, पाहुण्यांनी बसायच्या जागा बदलल्या, एकाच वेळी मिक्सर आणि टीव्ही सुरू झाला, की खालच्या पट्टीत सुरुवात होते, ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ ऐकलेली वाक्यं तशीच्या तशी म्हणणं ही पूर्वी निरर्थक बडबड समजली जायची आणि ती बंद करण्यावर सगळा भर असायचा. आता स्पीच थेरपिस्ट सांगतात, हेच त्याचं बोलणं आहे, कुठलं वाक्य केव्हा येतं ते टिपून ठेवा. आम्ही टिपलं. त्या दिलगिरीचा अर्थ आमच्या घरात ‘मला हे सहन होत नाहीये’ असा आहे. ती लागोपाठ दोन-तीनदा म्हणून झाली, की पंखा, मिक्सर, टीव्ही सगळं बंद करून त्याला आतल्या खोलीत जाऊ द्यायचं.

निदान झालं तेव्हाचे दिवस कठीण होते, पण पुढचा रस्ता आखलेला होता. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे ओटी, स्पीच थेरपी, विशेष शाळा, बाईंबरोबरच्या बैठका. त्या धावपळीतच एक आशा असते, आज नाही तर उद्या काहीतरी जुळून येईल अशी. मुलगा अठराचा झाला की शाळेचा दाखला हातात पडतो. पुढे कार्यशाळा आहेत, पण जागा थोड्या, आणि तिथे एका जागी शांत बसणारा मुलगा आधी घेतला जातो. जो मध्येच उठतो, कानांवर हात ठेवून येरझाऱ्या घालतो, त्याच्या आईबापांना ‘सध्या घरीच ठेवा’ असं ऐकून परत यावं लागतं. आमच्या पालकगटात अशी घरीच बसलेली मुलं-मुली कितीतरी आहेत. त्यातली एक मुलगी गेली काही वर्षं फक्त गॅलरीपर्यंत बाहेर येते. तिची आई शिक्षिका होती. मुलीची शाळा सुटली तेव्हा आईचीही सुटली.

दाढीचं सांगतो. बाप म्हणून माझ्या वाट्याला आलेलं हे सर्वांत अवघड काम, आणि मला सर्वांत आवडतं तेही हेच. सोळाव्या वर्षी ओठावरची लव दाट झाली. रेझर टेकला की केदार ओरडून मागे सरके. फेसाचा वास त्याला चालत नसे. ट्रिमरची घरघर सुरू झाली की बाहेर पळून बाथरूमचं दार लावून घेई आणि कडी धरून उभा राही. ओटीच्या ताईंनी सुचवलं म्हणून आम्ही ट्रिमर नुसता त्याच्या टेबलावर ठेवून दिला, बरेच दिवस, बंदच. मग हातात. मग सुरू करून उशीखाली. मग कोपरावर, मनगटावर, हनुवटीवर. आरशात बघून नक्कल करणं त्याला जमत नाही. मी गाल फुगवला तरी स्वतःच्या गालाचं काय करायचं ते त्याला उमगत नसे. तेव्हा मी जिभेने माझा गाल आतून ताणायचो आणि त्याचं बोट बाहेरून तिथे टेकवायचो. मग माझं बोट त्याच्या गालावर. एके सकाळी त्याच्या गालाच्या आतून जिभेचा टोकदार उंचवटा माझ्या बोटाला लागला. मी आत हाक मारली, ‘अगं, ये बघ.’ ही कणकेच्या हातांनी धावत आली. आता पद्धत ठरून गेली आहे. उजवा गाल, वीस आकडे. डावा गाल, वीस. हनुवटी दहा, ओठावर पाच, आणि आकडे मी मोठ्याने मोजायचे. मध्ये आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून दारावर कुणी बेल वाजवत राहिलं तरी मोजणं थांबत नाही. दाढी झाल्यावर तो दोन्ही तळवे गालांवरून फिरवतो आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसतो. ते हसू मला उद्देशून नसतं. त्याच्या गालाचं आणि त्याच्या तळव्यांचं आपसातलं ते काहीतरी असतं, आणि ते बघायला मिळतं एवढ्यावर मी खूश असतो.

पाच वर्षांचा केदार लोकलमध्ये कुणाच्याही शेजारी जाऊन बसायचा, एखाद्या ताईच्या ओढणीचा काठ बोटांत धरून त्यावरची नक्षी न्याहाळायचा, आणि डबाभर कौतुक व्हायचं. विसाव्या वर्षी त्याने तशीच एक ओढणी तशीच धरली, तेव्हा त्या मुलीने किंचाळून त्याचा हात झटकला. तिचं काही चुकलं नाही. अनोळखी दांडगा पुरुष अंगाशी आला तर तिने ओरडलंच पाहिजे, माझ्या मुलीलाही मी हेच शिकवलं आहे. केदारला मात्र काहीच कळलं नाही. काल जे चालत होतं ते आज का चालत नाही, हे त्याला सांगणार कसं? त्यानंतर घरात नवे नियम बसवले. मिठी फक्त घरातल्यांना, बाकी सगळ्यांना लांबून नमस्कार. कपडे बदलताना दार लावायचं. आणि शरीराची जी भूक प्रत्येक तरुणाला असते ती त्यालाही आहे, हे आम्ही आईबापांनी आधी स्वतःशी कबूल करायचं. याविषयी आपल्याकडे पालक एकमेकांशीही बोलत नाहीत. आमच्या गटात हा विषय एका आजोबांनी काढला. सगळ्यांच्या माना खाली असताना ते शांतपणे म्हणाले, ‘नातवाला एकांत लागतो. तो त्याला कुठे आणि कधी मिळेल, हे आपण ठरवून द्यायला नको का?’ त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही बाप मंडळी एकमेकांशी खरं बोललो.

ठाणे स्टेशनात एकदा ऐनवेळी फलाट बदलला. उद्घोषणा झाली, माणसं जिन्याकडे धावली, आणि केदार फलाटावर आडवा झाला. हात डोक्यावर, टाचा जमिनीवर आपटत, तोंडाने ती दिलगिरी, आधी शब्दांत आणि मग नुसत्या आवाजात. याला मेल्टडाऊन म्हणतात. लोकांना तो हट्ट वाटतो. हट्ट करणाऱ्या मुलाचं एक लक्ष समोरच्या माणसाकडे असतं, आपलं ऐकलं जातंय की नाही हे तो बघत असतो. इथे समोरचं कुणी त्याला दिसतच नाही. दिवे, धक्के, भोंगे, घामाचा वास सगळं एकदम आत घुसलेलं असतं आणि बाहेर काढायला वाट नसते. अशा वेळी बोलायचं नाही, ओढायचं नाही, आजूबाजूला जागा करायची आणि थांबायचं. हिने गर्दीकडे पाठ करून बसकण मारली आणि पदर धरून त्याच्या डोळ्यांवरचा उजेड अडवला. दोघा-तिघांनी मोबाईल वर केले. एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘पोराला धाक नाही.’ तेवढ्यात फलाटावरच्या बूटपॉलिशवाल्याने आपली लाकडी पेटी उचलून गर्दीच्या आणि आमच्या मध्ये आणून ठेवली आणि खेकसला, ‘हवा येऊ द्या ना त्याला!’ माणसं सरकली. त्याने आम्हाला एक अक्षर विचारलं नाही.

‘धाक नाही’ या वाक्याचे पूर्वज मोठे आहेत. 1943 मध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत 11 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि ऑटिझम ही वेगळी अवस्था म्हणून मांडली. पुढे त्याच्याच लिखाणात आईबापांच्या थंडपणाचा उल्लेख आला, ब्रुनो बेटलहाइमने त्याचा मोठा सिद्धान्त केला, आणि एका अख्ख्या पिढीच्या आयांनी आपल्या मायेत खोट आहे असं ऐकून घेतलं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता. आज यामागे जनुकांचा वाटा मोठा असल्याचं कळलं आहे. तरीही हिला नात्यातल्या एका लग्नात विचारलं गेलं, ‘तू तेव्हा नोकरी करत होतीस ना?’ हिने उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, ‘लग्नाला यापुढे तुम्ही एकटे जात जा.’ तसंही आम्ही दोघं मिळून कुठे जाऊ शकत नाही. एकाला घरी थांबावंच लागतं.

कॅनरच्या त्या 11 मुलांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्याविषयी मी पुन्हा पुन्हा वाचतो. मिसिसिपीतलं फॉरेस्ट हे छोटं गाव. तिथल्या वकिलाचा हा मुलगा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं होतं, सुमारे वर्षभराने आईबापांनी घरी परत आणलं. तो शिकला, गावातल्या बँकेत कामाला लागला, 23 व्या वर्षी गोल्फ शिकला, 27 व्या वर्षी मोटार. एकट्याने देशोदेशी फिरला. आईवडील गेल्यावरही त्याच घरात राहिला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. आजोळ त्या बँकेच्या मालकांचं होतं, पैसा होता, हे विसरून चालणार नाही. पण मला धरून ठेवतं ते वेगळंच. दोन पत्रकार त्याच्यावर लिहायला त्या गावात गेले, तेव्हा वेगवेगळ्या लोकांनी त्यांना बजावलं, की तुमच्यामुळे डॉनला काही त्रास झाला तर आम्ही तुम्हाला शोधून काढू. आईबाप नसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसामागे सबंध गाव उभं होतं. आणि ते अचानक उभं राहिलेलं नव्हतं. लहानपणापासून तो त्यांच्यातच वावरला होता. त्याच्या सवयी, त्याची माणसांना आकड्यांनी ओळखण्याची तऱ्हा, सगळं त्यांना ठाऊक होतं.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या पालकगटात एक वाक्य हमखास ऐकू येतं. जगभर अशा मुलांचे आईबाप ते म्हणत असतात. ‘देवा, मला त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त दे.’ पहिल्यांदा ऐकलं की गळ्यात आवंढा येतो. मी ते म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसलेलो आहे, त्यांच्या पाठीवर हात ठेवलेला आहे. तरी मला ते मान्य नाही. त्या प्रार्थनेत आपण आपल्या मुलाचं मरण मागतो, तेही आपल्या सोयीच्या वेळी. बाहेरच्या एकाही माणसावर विश्वास टाकावा लागू नये म्हणून मागतो. केदार चोवीसचा आहे. त्याला झोप चांगली लागते, भूक चांगली लागते, मे महिन्यात हापूसच्या पेटीशेजारी तो वास घेत तासभर बसतो. त्याने साठ, सत्तर, ऐंशी वर्षं का जगू नये? माझ्या आयुष्याच्या लांबीने त्याचं आयुष्य कापायचा मला काय अधिकार?

तेव्हा प्रश्न उरतो तो कामाचा. आमच्यानंतर कोण, कुठे, कशावर.

‘कशावर’चं उत्तर त्यातल्या त्यात सोपं. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. आम्हा दोघांनंतर केदारला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावं म्हणून त्याची नोंद आधीच करून ठेवली आहे. दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, ती चालू ठेवली आहे. गटात रिक्षा चालवणारे एक बाबा आहेत, त्यांच्याकडे पेन्शन नाही आणि ट्रस्ट करायला इस्टेट नाही. आमच्या चर्चा गुंतवणुकीवर गेल्या की ते उठून चहा सांगायला जातात. आमच्या सगळ्या नियोजनाचा जोर अशा घराच्या दारात संपतो, आणि सरकारने जिथून सुरुवात करायला हवी ती जागा तीच आहे.

कायद्याची वाट मी चालून आलो आहे. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत आलं. ऑटिझम मोजून प्रमाणपत्र देण्याची रीत केंद्राने ठरवली तीही 2016 मध्ये, केदार दहावीच्या वयाचा झाल्यावर. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बापाच्या गालावर बोट ठेवून दाढी शिकतो का, असा प्रश्न त्या चाळिसांत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान, आणि आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. एका बँकेने खातेदाराची सही मागितली. केदारने त्या चौकटीत कर्जत लोकलचं चित्र काढलं, बारा डब्यांचं, चौकट ओलांडून पासबुकाच्या कडेपर्यंत. मग पालकत्वासाठी ठाण्याला राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीपुढे अर्ज केला. जिल्हाधिकारी त्या समितीचे अध्यक्ष, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. त्या अर्जात आपल्या मुलाला काय काय येत नाही हे बापानेच लिहून द्यायचं असतं. 2016 चा कायदा मात्र वेगळ्या दिशेने बोलतो. त्यातलं पालकत्व मर्यादित आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारं. मला दोन्ही लागतात. बँकेत पहिला लागतो. पण घरी परतल्यावर मनात राहतो तो दुसरा, कारण तो विचारतो, ‘केदारला काय हवंय?’

म्हणून वही सुरू केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मूळ कल्पना परदेशातल्या पालकांची, मृत्युपत्राबरोबर असं टिपण ठेवायची तिकडे रीत आहे. आमच्यानंतर जो कुणी त्याच्या सोबत असेल त्याच्यासाठी ती लिहायची. सुरुवातीची पानं हिच्या अक्षरात आहेत. तुरीचं गोडं वरण चालतं, आमटी नाही. भाताला वरण कडेने लावायचं, वर ओतायचं नाही. पोळी चतकोर घडी घालून द्यायची. नवा शर्ट आणला की मागचं लेबल कापायचं, टाकेही उसवायचे, नाहीतर मानेला टोचतं. गणपतीत ढोल-ताशांची मिरवणूक जायच्या आधी कानांवर हेडफोन द्यायचे. घरच्या आरतीला मात्र तो सर्वांत पुढे असतो. तिथे शब्द दरवर्षी तेच, क्रमही तोच. कुणी मधलं कडवं गाळलं तर तो थांबतो आणि गाळलेल्या जागेपासून सगळ्यांना पुन्हा म्हणायला लावतो.

मग माझी पानं. दुखतंय हे तो सांगत नाही. अक्कलदाढ किडली तेव्हा तो उजव्या गालावर चापट्या मारत होता आणि सगळे त्याला राग समजत होते. नेहमीपेक्षा वेगळा वागला तर आधी दात, कान, पोट तपासा, स्वभावाचं औषध मागाहून. वयात येताना अशा मुलांपैकी काहींना फिट येऊ लागतात, त्यालाही आल्या. झोप मोडली की धोका वाढतो. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. गोळ्यांची नावं, वेळा, मात्रा. गोळी जेवणानंतर, पाण्याबरोबर, हातावर ठेवायची. चमच्यात दिली तर घेत नाही.

लिहिता लिहिता वही आमच्या दोघांच्या हाताबाहेर गेली, आणि ती तशी गेली हे फार चांगलं झालं. धाकटी मुक्ता पुण्यात नोकरी करते. सुट्टीला आली तेव्हा तिने वही वाचून काढली. म्हणाली, ‘बाबा, यातला दादा तुमचा आणि आईचा आहे. माझा वेगळा आहे.’ आणि तिने चार पानं लिहिली. दादाला अंधारात बसायला आवडतं, तो घाबरलेला नसतो, दिवा लावू नका. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोललेलं त्याला कळतं. विनोद केला की तो उशिरा हसतो, रात्री झोपायच्या वेळी, तेव्हा आठवून त्याच्यासोबत हसा. चोवीस वर्षं त्याच छपराखाली राहून ही शेवटची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. रात्री उगाच हसतो असं आम्ही म्हणायचो. मुक्ताला मी एकदा स्पष्ट विचारलं होतं, की आमच्यानंतर त्याची जबाबदारी तुझ्यावर टाकायची आहे का. तिच्या लग्नाच्या चौकशीला येणारी माणसं तेच आडून विचारत असतात. ती म्हणाली, ‘मला त्याची बहीण राहू द्या. आई करू नका.’ मला हे पटलं. बहीण राहायचं असेल तर रोजचं करणारी दुसरी माणसं हवीत.

मग त्या माणसांकडे वही नेऊ लागलो. सोसायटीच्या वॉचमनकाकांनी सांगितलं, केदार खाली आला की आधी मीटरच्या खोलीजवळ उभा राहतो, मोटरचा आवाज ऐकतो, तेवढा वेळ दिला की गेटबाहेर पळत नाही. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, त्याला लिंबं मांडू द्या, माझी पाटी तोच लावतो, लहानापासून मोठ्यापर्यंत. आता तो जातो त्या कार्यशाळेत दिवाळीआधी उटण्याची पाकिटं भरतात, पन्नास ग्रॅमची. तिथल्या ताईंनी लिहून दिलं, की काटा बघून तो एक ग्रॅमही इकडेतिकडे होऊ देत नाही, पण पाकीट सील करायचं काम दिलं तर उठून जातो. सीलिंग मशीनचा वास त्याला लागतो. सील करायला शेजारी दुसरा मुलगा बसवला की दोघांचं मिळून काम होतं.

कुठे राहील, हे सर्वांत अवघड. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन 1990 च्या दशकात उभी केली. जुहूला 2018 पासून ‘अर्पण’ नावाचा कॅफे आहे, तिथे ऑटिझम आणि इतर बौद्धिक वेगळेपण असलेली प्रौढ मुलंच पदार्थ करतात आणि वाढतात. राष्ट्रीय न्यासाची कायमच्या निवासासाठी ‘घरौंदा’ योजनाही आहे. आपल्या राज्यात काही होत नाही असं म्हणणं या माणसांवर अन्याय होईल. पण मी जिथे जिथे चौकशी केली तिथे प्रतीक्षायादी होती, आणि यादीत नाव घालणारे आईबाप साठीच्या पुढचे. मला वाटतं, ही घरं आईबाप असतानाच सवयीची झाली पाहिजेत. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चाळिशीतल्या माणसाला अनोळखी खाटेवर नेऊन झोपवणं, हे मी एका ओळखीच्या कुटुंबात घडलेलं पाहिलं आहे. तो महिनाभर नीट जेवला नाही. त्याची आई गेली, खोली गेली, ताट गेलं आणि वरणाची चवही गेली, सगळं पंधरा दिवसांत.

म्हणून या पावसाळ्यात केदारला कर्जतजवळच्या एका निवासी संस्थेत शुक्रवार ते रविवार ठेवलं. पालकांनी चालवलेली ती जागा आधी दोनदा जाऊन पाहिली, त्याला खाट निवडू दिली. त्याने खिडकीजवळची सोडून दाराजवळची घेतली. निघताना ‘पुढील स्टेशन कर्जत’ म्हणाला, आणि आम्ही निघालो तेव्हा वळूनही पाहिलं नाही. ही गाडीत बदलापूरपर्यंत काही बोलली नाही. शनिवारी रात्री तिथल्या दादाचा फोन आला. जेवला, झोपला, एकदा दिलगिरी म्हणाला पण पंखा बंद केल्यावर थांबला. मग तो सहज बोलून गेला, ‘आज आमटी होती, दोनदा घेतली.’

‘आमटी?’ हिने फोन माझ्या हातून ओढून घेतला. ‘आमटीच होती का? चिंच घातलेली?’

चिंच घातलेलीच होती. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ गप्प होती. मग वही काढून तिने पहिल्या पानावरची ‘आमटी नाही’ ही अक्षरं खोडली आणि समासात लिहिलं, ‘विचारून बघा.’ त्यानंतर आम्ही दोघं गोड्या वरणाशिवायचं साधं पिठलं-भात जेवलो आणि कितीतरी वर्षांनी स्टेशनपर्यंत एकत्र चालत जाऊन आलो.

तिथे पुढचा मुक्काम दिवाळीनंतर ठरला आहे, पाच दिवसांचा. तोपर्यंत फिटच्या गोळ्यांचं पान हिंदीत लिहून घ्यायचं आहे. रात्रपाळीचे दोघे झारखंडचे आहेत, मराठी बोललेलं त्यांना कळतं पण वाचायला वेळ लागतो, आणि फिट आली तर तेवढा वेळ नसतो.